कोपरा दुमडून

आमच्या स्वयंपाकघरातल्या एकपानी कॅलेंडरवर दिवाळीच्या चौकटीशेजारी एक फोन नंबर लिहिलेला होता. भंगारवाल्याचा. नवऱ्याने लिहिला होता, निळ्या पेनने, सुवाच्य अक्षरात. रोज सकाळी गॅस पेटवताना तो मला दिसायचा आणि रोज मी चहाचं भांडं जरा आदळायचे.

भंगारात जायचे होते ते सहा यंत्रमाग माझ्या सासऱ्यांचे. सासरे गिरणीत हजेरी-कारकून होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्याबरोबरचे बहुतेक कारकून घरी बसले, यांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेड घेऊन माग टाकले. आमच्या गल्लीत सगळे शिक्षक, पोस्टातले, कोर्टातले. लेखणी सोडून मागाचा धोटा धरला म्हणून लोक हसले म्हणे. सासरे गेले आणि पुढची बारा वर्षं नवऱ्याने ते माग ओढले. ओढले हाच शब्द बरोबर आहे, कारण त्याचा जीव त्यात कधीच नव्हता. त्याला भावाच्या औषधाच्या दुकानात स्वच्छ काउंटरमागे बसायचं होतं. त्यात गैर काही नाही. पण माग किलोवर विकायचे हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होते. नोकरी सोडली आणि त्याला म्हटलं, "दिवाळीपर्यंत शेड माझ्या ताब्यात द्या. नाही जमलं तर मी स्वतः त्या माणसाला फोन लावीन."

"जमलं नाही तर रडायचं नाही," तो म्हणाला.

"रडेन की नाही ते माझं मी बघेन."

शेडबरोबर दोन गोष्टी आपोआप माझ्याकडे आल्या. एक म्हणजे सासऱ्यांच्या वेळेपासूनचे मुख्य विणकर; बाकीची माणसं बदलत गेली, हे एकटे टिकले. साठीचे, घरात तेलुगू बोलणारे, माझ्याशी मराठीत आणि मागाशी तेलुगूत. दुसरी म्हणजे मालकांच्या असोसिएशनचं सभासदत्व.

या असोसिएशनविषयी माझं मत तिथे न जाताच तयार होतं. पहिल्या मजल्यावर एक हॉल, भिंतीला हार घातलेले फोटो, शाल-श्रीफळ, पोहे, आणि वीजदराविरुद्ध निवेदन देताना काढलेला गटफोटो. पहिल्यांदा गेले तेव्हा हॉलमध्ये एक भला मोठा फळा दिसला. फळा दिसला की माझा हात खडूकडे जातो, पण तिथलं गणित काही कळेना. डावीकडे सभासदांची नावं, पुढे कुठे रुंदी, कुठे वार, कुठे नुसतेच आकडे. विणकरांनी समजावलं. ज्याचं बीम संपत आलंय तो इथे लिहून जातो. बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ, तो संपला की माग रिकामा. कोणाचे किती माग, कोणत्या रुंदीचे, कोणत्या वारी रिकामे होणार, हे सोमवारी सगळे लिहितात. आमच्या नावापुढची ओळ कोरी होती. मीही ती कोरीच ठेवली. आपले माग रिकामे आहेत हे गावभर कशाला सांगायचं?

दुसरी रीत गच्चीवरची होती. मोठा माल पाठवण्याआधी त्यातले दोन-चार नग घेऊन असोसिएशनच्या गच्चीवर जायचं. सकाळी दहाच्या उन्हात सचिव ते बघतात. सत्तरीचे, काटकुळे, माग कधीच मुलाच्या हवाली केलेले. ते कापड अर्धं भिजवतात, पसरतात, वीस पावलं मागे जाऊन उभे राहतात. या सगळ्याला म्हणतात ऊन दाखवणं. आणि नग नेताना गिऱ्हाइकाच्या नावाची पट्टी असलेला कोपरा आत दुमडून, कच्चा टाका घालून न्यायचा. तो टाका कोणी उसवत नाही म्हणे.

मी हसले होते. म्हटलं, टाक्यावर विश्वास ठेवायचा तर कुलपं कशाला बनवली माणसांनी? धंद्यात पळसाला पानं तीनच. नमुना दिसला की गिऱ्हाईक गेलं. त्यात आमच्या शेजारच्या शेडच्या मालकाशी माझं वाकडं होतं. त्याच्या भिंतीतल्या पंख्यातून सुताचा तूस उडून सगळा माझ्या खिडकीत यायचा. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी चारचौघांत बोलले ते जरा जास्तच झालं असावं, कारण त्यानंतर तो समोरून आला की मोबाइलमध्ये बघत जायचा. आणि हा माणूस रोज सकाळी त्या गच्चीवर असायचा.

श्रावणात मला ऑर्डर मिळाली. हॉटेलं चालवणारी एक बाहेरगावची कंपनी. त्यांनी सांगितलेल्या नक्षीवर विणून मी पाठवलेला नमुना त्यांना पसंत पडला. हिरवा टॉवेल, दोन्ही टोकांना तीन-तीन पांढऱ्या पट्ट्या, कोपऱ्यात त्यांच्या नावाची पट्टी शिवायची. सहा हजार नग. फोन ठेवल्यावर मी शेडमध्ये मागांच्या खडखडाटात मोठ्याने काहीतरी ओरडले, काय ते आठवत नाही. विणकरांनी माग थांबवून विचारलं, "काय झालं वैनी, बोट सापडलं का?"

रंगवलेलं सूत दोन खेपांत आलं, मध्ये आठवड्याचं अंतर. दुसरी खेप आली तेव्हा विणकर एक लडी इकडून, एक लडी तिकडून हातात घेऊन बराच वेळ उभे होते.

"वैनी, दोन येळचं सूत हाय. एकदा वर ऊन दाखवून आणू की."

मी दोन्ही लड्या ट्यूबलाइटखाली धरल्या. एकच हिरवा. म्हटलं, "मला डोळे आहेत." त्यांनी लड्या परत नेऊन ठेवल्या. पहिली खेप पहिल्या तीन मागांवर चढली, दुसरी पुढच्या तीन मागांवर, आणि महिनाभर सहाही माग दोन पाळ्यांत चालले.

माल न्यायला कंपनीचा माणूस यायला आठ दिवस होते. धुऊन किती आटतो ते बघायला मी दोन टॉवेल धुतले, एक पहिल्या तीन मागांवरचा, एक पुढच्या तीन मागांवरचा, आणि शेडबाहेरच्या दोरीवर टाकले. ऊन चांगलं कडक होतं. चहा घेऊन बाहेर आले आणि कप तसाच हातात राहिला. एक टॉवेल कडुलिंबाच्या पाल्यासारखा होता. दुसरा फ्रिजमध्ये विसरलेल्या कोथिंबिरीसारखा, पिवळट पडलेला. आत येऊन ट्यूबलाइटखाली धरले तर पुन्हा एकच. परत बाहेर, परत आत. असं मी चार वेळा केलं. वेड्यासारखं.

कारकुनाच्या घरातल्या माणसाला कागदावर खरं वाटतं. मी चलनाच्या पाठीवर हिशेब मांडला. तीन हजार नग पुन्हा विणायचे. सूत रंगवणं, बीम भरणं, मग सहा मागांवर विणकाम. सगळं सुरळीत चाललं तर सोळा दिवस. हातात आठ. मुलांना मी सांगायचे, उत्तर विचित्र आलं तर गणित पुन्हा तपासा. मी पुन्हा तपासलं. उत्तर बरोबर होतं.

नवरा संध्याकाळी शेडवर आला, दोन्ही टॉवेल बघितले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. केलंस तू पुष्कळ." चिडला असता तर मी भांडले असते. तो खरंच हळहळला होता, आणि तेच मला सहन होईना. घरी कॅलेंडरकडे न बघता मी चहा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेले तर विणकरांनी दोन्ही टॉवेल घडी घालून ठेवले होते. शर्टाच्या कॉलरमागे अडकवलेली सुई काढून ते दोन्हींचे कोपरे आत दुमडून टाके घालत होते.

"वर चला," ते म्हणाले. "मी येतो संगती."

गच्चीवर पाच-सहा मालक होते. शेजारी होताच, कठड्याला टेकून. मी टॉवेल पुढे केले. सचिवांनी ते बादलीत अर्धे बुचकळले, पसरले, चपला काढून मागे मागे गेले आणि उन्हावर हात धरून बघत राहिले. फळ्यापाशी उभं करून गणित न येणाऱ्या मुलांना मी कितीदा तसंच ताटकळत ठेवलंय, ते सगळे मला त्या दोन मिनिटांत आठवले.

शेवटी सचिव जवळ आले. चांगला टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. मला वाटलं आता विचारतील, सूत उन्हात बघितलं नाही का? इतके महिने वर का आला नाहीत? मी उत्तरंही जुळवून ठेवली होती, सगळी खोटी. त्यांनी विचारलं, "रुंदी किती? नग किती? दिवस किती?"

मी सांगितलं. ते खाली हॉलमध्ये फळ्याकडे गेले, सगळे त्यांच्या मागोमाग. ते खडूने बोट दाखवत वाचू लागले. याचे चार मंगळवारी सुटतात, रुंदी बसते. याचे तीन उद्याच सुटतात. हा आहे, पण याची रुंदी कमी. ज्याच्या नावावर खडू जाई तो नुसता "घ्या" म्हणे. ज्या फळ्याला मी गावभर केलेली बोंब समजत होते, त्यातून दहा मिनिटांत माझ्यासाठी अकरा माग निघाले. हातात टॉवेल धरून मी तिथे उभी होते आणि माझा विश्वास बसत नव्हता.

"अजून पाच-सहा लागत्यात," सचिव म्हणाले.

"माझे सहा घ्या," शेजारी म्हणाला.

सचिवांनी वळून बघितलं. "तुजी बीमं अर्धी हायत की अजून."

"उतरवतो."

माझ्याजवळ उभ्या विणकरांनी श्वास आत ओढला. चढलेलं बीम अर्ध्यात उतरवणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. नंतर ते पुन्हा चढवायचं तर हजारो धागे एकेक करून जोडत बसावं लागतं. आणि माझं कोतं मन बघा, त्या क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच, की याला माझा नमुना हवाय.

पुढचे दिवस मी पायाला भिंगरी लावून फिरले. सूत रंगवणाऱ्या कारखान्याच्या मालकाने आपली सकाळची भट्टी रिकामी करून माझं सगळं सूत एकाच वेळी रंगवलं, आणि सचिव खांद्यावर तो टॉवेल टाकून भट्टीपाशी उभे राहिले. लडी पिळून बाहेर उन्हात न्यायची, मान हलवायची, परत यायचं. तीनदा त्यांनी रंग परत टाकायला लावला. बीमं भरून पाच शेडमध्ये गेली, आणि सहावी माझी.

इतके महिने या रस्त्याने जात-येत होते, पण दुसऱ्याच्या शेडमध्ये मी पाऊल ठेवलं नव्हतं. आता स्कूटरवरून एकीतून दुसरीत जात होते, आणि प्रत्येक दारात तोच खडखडाट, तीच तुसाने पांढरी झालेली कोळिष्टकं, आणि मागावर माझा हिरवा. परक्या छपराखाली, परक्या माणसांच्या हातांतून माझं कापड खाली उतरत होतं. एका शेडमध्ये मालकाची बायको स्वतः कडा शिवायला बसली होती. मी संकोचून काही बोलायला गेले तर म्हणाली, "बसा की वैनी, दोरा तोडून द्या." मी दोरा तोडत बसले. माझे डोळे सारखे भरून येत होते आणि मी तुसाला दोष देत होते.

शेजाऱ्याच्या शेडमध्ये मी सगळ्यांत शेवटी गेले. बाकीच्या चौघांनी पहिल्याच दिवशी फोन करून विचारलं होतं, पट्ट्यांमध्ये अंतर किती, पट्टीत धागे किती. याने काहीच विचारलं नव्हतं. आढ्यता, दुसरं काय. गेले तर सहाही मागांवर पट्ट्या अगदी बिनचूक पडत होत्या. मी फूटपट्टी लावून मोजलं. तो मोबाइलमध्येच बघत होता. पंख्याचं तोंड मात्र वर वळवलेलं दिसलं, तूस आता माझ्या खिडकीत येत नव्हता.

सातव्या दिवशी सकाळी गच्चीवर सगळ्या शेडचे टॉवेल आले. प्रत्येकी तीस. सचिवांनी ते एकत्र मिसळायला लावले आणि कठड्यापासून कठड्यापर्यंत पसरायला सांगितले. नवराही आला होता. आम्ही जिन्याच्या दारात उभे राहिलो. भादव्याचं ऊन, खाली एमआयडीसीतले पत्रे चमकत होते, सायकली आणि मोटारसायकली ये-जा करत होत्या, आणि आमच्यापुढे एकच हिरवा. सहा छपरांखालचा. कुठला कोणाचा हे मला सांगता येईना. मी वाकून वाकून बघितलं, एकही टॉवेल वेगळा निघाला नाही. देवळात गेल्यावर माझे हात कधी आपोआप जुळत नाहीत, त्यावरून सासूबाई बोलायच्याही. त्या गच्चीवर जुळले.

नवरा कठड्यापर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, "बाबा मला लहानपणी इथे घेऊन यायचे. मी आपला पतंग बघायचो."

मी सचिवांचे आभार मानायला गेले. ते म्हणाले, "इरली बिडी, ताई." कानडीत म्हणजे असू द्या, सोडा. मग मराठीत म्हणाले, "एखाद्याची पेर मागं पडली की गाव बैलं घेऊन जातंय, इर्जिक घालतंय. मागवाल्यानं काय करावं? माग घिऊन यावं." आणि चांगला टॉवेल खांद्यावरून काढून त्यांनी माझ्या हातात दिला. इतके दिवस तो त्यांच्या खांद्यावर होता. कोपऱ्यातला कच्चा टाका तसाच होता, विणकरांनी घातलेला.

आठव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्याने गठ्ठे उघडले, दारात नेऊन उन्हात बघितले, मोजले, फोटो काढून पाठवले. माल पास झाला. तिथेच उभ्या उभ्या त्याने पुढच्या खेपेचं विचारलं, आणि ती दुप्पट होती. मी होकार दिला. घरी जाऊन कॅलेंडरवरचा तो नंबर कसा खोडायचा, कोणत्या रंगाच्या पेनने, तेही मनात ठरवून टाकलं.

गाडीत बसता बसता तो माणूस शेजारच्या शेडकडे बघून म्हणाला, "आधी आम्ही यांच्याकडूनच घ्यायचो. चार वर्षं. हाच टॉवेल. मग नवे साहेब आले, त्यांनी नमुने मागवले, त्यात तुमचा आवडला."

गाडी गेली. मी रस्त्यावर किती वेळ उभी होते कोण जाणे. धागे किती ते शेजाऱ्याने विचारलं नव्हतं. अंतर विचारलं नव्हतं. गच्चीवर पहिल्या दिवशी, वीस पावलांवरून, त्याने तो टॉवेल ओळखला होता. आपल्या हातून गेलेल्या गिऱ्हाइकाचा माल तो होता, आणि ते गिऱ्हाईक ज्या बाईकडे गेलं तिने त्याला तुसावरून चारचौघांत बोल लावले होते. त्याने नुसतं अंग काढून घेतलं असतं तरी पुरे होतं. ऑर्डर माझ्या हातून सुटून कदाचित परत त्याच्याकडेच गेली असती. त्याने स्वतःची बीमं अर्ध्यात उतरवली होती.

मी त्याच्या शेडमध्ये गेले. तो आणि त्याचा एक माणूस उतरवलेल्या बीमाचे धागे जोडत बसले होते.

मी म्हटलं, "दादा, तो माल कोणाचा होता ते तुम्हाला माहीत होतं."

त्याने मान वर केली नाही. दोन धागे चिमटीत धरून पीळ दिला, पुढचे दोन घेतले.

"कोपरा दुमडलेला हुता की," तो म्हणाला.

बायका ज्या गोष्टींना रडतात त्यांना मी हसते अशी माझी ख्याती आहे, पण तिथे त्या तुसात मी तोंडाला पदर लावून उभी राहिले. तो अवघडला. माणसाला म्हणाला, "आरं, च्या सांग."

चहा झाल्यावर मी सांगितलं, पुढची ऑर्डर दुप्पट आहे, माझ्या सहा मागांना झेपणार नाही, अर्धी तुम्ही विणा. वाटा सारखा, गिऱ्हाइकाला मी तसं कळवते. त्याने आणखी चार धागे जोडले. मला वाटलं नाही म्हणतो.

"सोमवारी फळ्यावर ल्ह्या," तो म्हणाला. "तुमची वळ कोरी असती नेहमी. आन् सूत आलं की नमुना वर घिऊन या."

"तुम्हाला तर सगळंच माहीत आहे. आता नमुना काय बघायचा?"

"ऊन दावायचं. आन् वैनी," त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं, "कोपरा दुमडून आना."